हातभर घर: कूड, गारा आणि पेंढ्याचं

आंब्याची पेटी रिकामी झाली की आतला पेंढा फेकू नका. झटकून, दोन दिवस उन्हात टाकून, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवा. खराटा झिजून बुटका झाला तर त्याचे हीर सोडवून घ्या. देवापुढे फोडलेल्या नारळाची करवंटी, सोडणाचा काथ्या, पोफळीची गळून पडलेली विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण), गुलमोहराखालच्या तलवारीसारख्या शेंगा, सगळं एका टोपलीत जमत राहू दे. बागेत हातभर लांबीचं घर उभं करायला याहून फार काही लागत नाही. माती लागते, पण कुठली ते बघावं लागतं.

इंटरनेटवर 'फेअरी हाउस', म्हणजे परीचं घर, शोधलं तर लाल अळंबीच्या टोपीची, ग्लू गनने चिकटवलेली घरं दिसतात. दिसायला गोड असतात, पण आपल्या पावसात आठवडाभर टिकायची नाहीत. खरं तर ही कल्पना इतकी प्लॅस्टिकची नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात मॉन्हेगन नावाचं बेट आहे. तिथल्या 'कॅथीड्रल वूड्स' या रानात लोक झाडांच्या बुंध्याशी अशी घरं रचतात. नियम एवढाच, की खाली पडलेलं नैसर्गिक सामान वापरायचं, जिवंत काही तोडायचं नाही आणि बाहेरचं काही आणायचं नाही. हा नियम मला पटला. पण घराचा नमुना मात्र मी आपल्याकडचा घेते, कुडाच्या, म्हणजे काटक्या विणून वर माती लिंपलेल्या भिंतींच्या, घराचा. कोकणात, डहाणू-जव्हारकडे, घाटमाथ्यावर माणसं ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेच घर लहान करायचं.

माझं पहिलं घर पुण्याच्या गच्चीत वळवाच्या एका सरीत विरघळलं. सकाळी बघते तर तांबडा चिखल आणि त्यावर तरंगणारं छप्पर. रत्नागिरीला आजीला व्हिडिओ कॉल करून रडगाणं गायलं. तिने जुना फोटो मागवून घेतला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "अगो, पागोळ्या पडायच्या कुठे? भिंतीवरच ना?" मी छप्पर भिंतीच्या कडेला नीट कापून बसवलं होतं, खोक्याला झाकण लावावं तसं. जोतंही नव्हतं. घर लहान असलं म्हणून पाऊस लहान होत नाही, हे तेव्हा कळलं. खाली सगळी मापं दिलीत ती त्यासाठीच.

कधी आणि कुठे

सामान वर्षभर जमवा, बांधकाम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या उन्हात गारा, म्हणजे भिंतीला लिंपायचा माती-शेण-पेंढ्याचा चिखल, हळूहळू वाळतो आणि कमी तडकतो. मे महिन्याच्या उन्हात भिंत वरून वाळते, आतून ओली राहते आणि भेगाळते.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन मिळेल आणि वरून पन्हाळीचं किंवा मोठ्या झाडाचं पाणी धारेने पडणार नाही. गच्चीत करायचं असेल तर दोन फूट रुंदीचं लाकडी खोकं किंवा पसरट कुंडी घ्या. तळाला भोकं हवीतच.

काय जमवायचं, कशाला हात लावायचा नाही

कुडाच्या भिंतीसाठी परंपरेने कारवी वापरतात. पण कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. आपल्या हौसेसाठी हिरवी कारवी तोडायला जाऊ नका. तुरकाट्या घ्या. तूर झोडून झाली की शेताच्या बांधावर त्यांचे भारे पडलेले असतात. विदर्भात असाल तर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चालतील. विणायला निरगुडीच्या किंवा घाणेरीच्या बारीक फांद्या उत्तम. घाणेरी, म्हणजे टणटणी, बाहेरून आलेलं आणि रानं गिळणारं झुडूप आहे, त्यामुळे ती तोडताना मनाला काही लागत नाही. फक्त काटे सांभाळा आणि फळं तिथेच तोडून टाका. हिरवी फळं मुलांनी तोंडात घालायची नाहीत आणि पाला गुरांपुढे पडू द्यायचा नाही, तो त्यांना विषारी असतो. बांबूच्या कामट्या बुरूड आळीत मागाल तशा चिरून मिळतात.

अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काटकीसुद्धा आणू नका. ते बेकायदेशीर आहे आणि तशी गरजही नाही. सोसायटीतल्या झाडांची छाटणी झाली की फाटकाबाहेर ढीग पडतो, तो पुरे.

मुलं बरोबर असतील तर एवढं पाठ करून घ्या: गुंजा सुंदर दिसतात पण बी विषारी आहे, दाराचे डोळे करायलासुद्धा नकोत. कण्हेरीची फांदी, पान, फळ, काही नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्बा आणि काजूच्या बीचं टरफल अंगावर फोड आणतं. सजावटीला रिठ्याच्या बिया, चिंचोके, सागरगोटे घ्या. सागरगोट्याचा उंबरा फार शोभतो.

माती

जुन्या मराठी गावाची वाटणीच दोन मातींवर झालेली: काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. घराला काळी माती चालत नाही, हे त्या शब्दांतच आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीला बोटभर भेगा पडतात. पांढरी किंवा कोकणातली तांबडी माती घ्या. शहरात नर्सरीवाल्याकडे 'लाल माती' मागा, पण खत मिसळलेली नको.

मातीची परीक्षा दोन प्रकारे करता येते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर बारीक गाळ, आणि सगळ्यात वर चिकणमाती, जी बसायला दिवसभर घेते. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा असला की काम झालं. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि पाटाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. ५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त आहे, १५च्या पुढेही लोंबत राहिली तर चिकण जास्त. चिकण जास्त असेल तर चाळलेली वाळू मिसळायची. मला बरणीपेक्षा वळीवर जास्त भरवसा आहे, आणि मुलांनाही तीच आवडते.

जोतं

घराचं माप असं धरू: भिंती ३० सेंटिमीटर लांब, २२ रुंद, १८ उंच. जोतं त्याच्या चारी बाजूंनी ४ सेंटिमीटर पुढे, म्हणजे ३८ बाय ३०, आणि ८ सेंटिमीटर उंच. छप्पर चारी बाजूंनी भिंतीच्या ६ सेंटिमीटर पुढे, म्हणजे ४२ बाय ३४. असं केलं की पागोळी जोत्याच्याही बाहेर पडते. बाकी कुठलंही माप बदला, पण छप्पर जोत्यापेक्षा मोठं, हा हिशोब मोडू नका.

जमीन चार बोटं खणून, खडी घालून ठोकून घ्या. कडेने चपटे दगड रचा. मोठा दगड खाली, छोटा वर, आणि वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर. फटीत दगडाच्या चिपा ठोकून बसवा. सिमेंट नको, कारण जोत्यात शिरलेलं पाणी फटींतून बाहेर जायला हवं. मधला भाग खडी-मातीने भरून चोपायचा, पण तो भरण्याआधीच खांब उभे करून घ्यायचे. भरल्यावर भोकं पाडत बसलात तर रचलेले दगड सुटतात.

मेढी आणि कूड

अंगठ्याहून थोड्या बारीक सहा काठ्या. चार कोपऱ्यांच्या, २३ सेंटिमीटर लांब. त्यातल्या ५ सेंटिमीटर जोत्यात जातील. दोन मधल्या, आखूड भिंतींच्या बरोबर मध्यावर उभ्या राहणाऱ्या, ३४ सेंटिमीटरच्या. या दोघी मेढी. त्यांचं वरचं टोक दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं, असेल तर आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, त्यात आपोआप बसतं. दुबेळक्या काठ्या शोधण्यातच अर्धा दिवस जातो, पण तो सगळ्या कामातला चांगला अर्धा दिवस असतो.

जोत्यात जाणारी टोकं विस्तवावर काळी होईपर्यंत करपवून घ्या, म्हणजे ती लवकर कुजत नाहीत. वाळवीला हा उपाय पुरेसा नाही. तिच्यासाठी दगडी जोतं आहे: ती मातीची नळी बांधत दगडावरून वर चढते, आणि नळी दिसली की काडीने मोडता येते. आठवड्यातून एकदा जोत्याकडे नजर टाकायची सवय ठेवा.

खांब उभे राहिले की जोतं भरून, चोपून, पाणी मारून एक दिवस जाऊ द्या. मग कूड. खांबांच्या मधे दोन-दोन सेंटिमीटरवर तुरकाट्या उभ्या खोचा. दर्शनी लांब भिंतीत दारासाठी ७ सेंटिमीटर रुंद जागा सोडा. दाराची उंची ११, त्याच्या वर जाऊ नका. छप्पर उतरत त्याच्या जरा वरपर्यंत येणार आहे. आता निरगुडीच्या ओल्या, बारीक फांद्या आडव्या विणत चला, एक काडीपुढून, एक मागून, पुढच्या ओळीत उलट. विण घट्ट करायची नाही. दोन ओळींत करंगळी जाईल एवढी फट हवी, कारण त्या फटीतून गारा पलीकडे जाऊन अडकला तरच भिंत धरते. पहिल्यांदा मी टोपलीसारखं छान घट्ट विणलं होतं आणि वाळल्यावर सगळा गारा पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

खिडकी हवी असेल तर करवंटीचा गोल तुकडा चौकट म्हणून विणीतच अडकवा. करवंटी कापायला बारीक पात्याची करवत आणि घासायला पॉलिश पेपर लागतो, आणि हे काम मोठ्यांनी करायचं.

गारा

तीन वाटे माती, एक वाटा ताजं शेण, एक वाटा दोन-तीन सेंटिमीटर तुकडे केलेला पेंढा किंवा गव्हाचा भुसा. एवढ्या घराला अर्धी बादली गारा पुरतो. पाणी बेताने घालत पायाने तुडवा. पोरं असतील तर त्यांना बादलीऐवजी घमेल्यात उतरवा. तीन-चार दिवस ओलं गोणपाट झाकून मुरू द्या, रोज एकदा उलटा. वास येईल. तो यायलाच हवा. मुरलेला गारा हाताला लोण्यासारखा लागतो आणि चिकटून राहतो, नुसत्या मातीचा तसा राहत नाही.

लावताना एकाने आतून हात धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून गोळा दाबायचा. आत हात नीट जात नसेल तर मुलाला आतल्या बाजूला लावा. खालून वर जा. एका दिवसात अर्ध्या उंचीपर्यंतच, म्हणजे खालचा भाग वरच्या वजनाने फुगणार नाही. भिंत दोन-अडीच सेंटिमीटर जाड झाली की थांबा. सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. भेगा पडणारच, घाबरू नका. पातळ गारा बोटाने भेगांत भरून पुन्हा वाळवा.

शेवटचा हात सारवणाचा: चाळणीने चाळलेली माती आणि शेण समसमान, दह्याएवढं पातळ, तळव्याने गोल फिरवत. बोटांच्या कमानी उमटतात त्या पुसू नका. तो वाळल्यावर गेरू. गेरूवर तांदळाच्या पिठाने वारली पद्धतीची दोन माणसं, एक झाड काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. काढा, पण फक्त वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही.

भिंतीला तेल पाजायचं की नाही यावर मतं वेगळी आहेत. पूर्ण भिंतीला जवसाचं तेल दिलं तर पुढच्या वर्षी सारवण धरत नाही, म्हणून मी फक्त जोत्यालगतची तीन बोटं पट्टी तेलाने भिजवते. भिंत पूर्ण वाळल्यावर, दोन हात, मधे दोन दिवस जाऊ देऊन. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

छप्पर

आढं ४२ सेंटिमीटर लांब, मेढींच्या दुबेळक्यात सुंभाने आवळलेलं. वासे प्रत्येक बाजूला सात, २४ सेंटिमीटर लांब. आढ्यापासून भिंतीवरून पुढे काढले की उतार बरोबर ४५ अंशांचा पडतो. पेंढ्याच्या छपराला याहून कमी उतार चालत नाही, पाणी निथळायच्या आधी आत झिरपतं. वाशांवर आडव्या कामट्या, तीन-तीन बोटांवर, प्रत्येक सांधा बांधलेला. इथे घाई करू नका. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण छोट्या घरात वासे आधी फिरतात.

कामट्यांवर विरी अंथरा. पोफळीची विरी पाण्यात तासभर भिजवली की हवी तशी वाकते आणि वाळल्यावर तोच आकार धरते. ती नाही मिळाली तर माडाच्या झावळीच्या बुडाशी असलेली जाळी दुहेरी घाला. आता शाकारणं. पेंढ्याच्या अंगठ्याएवढ्या जुड्या बांधा, खालच्या कडेपासून सुरुवात करा, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीचा दोन तृतीयांश भाग झाकेल अशी. वर येईपर्यंत जाडी चार-पाच सेंटिमीटर व्हायला हवी. आढ्यावर विरीची एक लांब पट्टी दुमडून घोड्यावरच्या खोगिरासारखी बसवा आणि दोन्ही बाजूंनी कामटीने दाबून बांधा. गळतं ते नेहमी इथूनच. कडा कात्रीने सारख्या करायच्या तर वळचणीची खालची कड तेवढी करा.

पेंढा एक-दोन पावसाळ्यांत कुजतो. डोंगराळ भागातलं लांब वाळलं गवत मिळालं तर ते जास्त टिकतं.

अंगण

या भागात मी शिकवण्यासारखं काही नाही. नदीतले गोटे, फरशीचे तुकडे, ओव्याची कुंडीतली फांदी म्हणजे वडाचं झाड. दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतो तसे अळीव किंवा नाचणी पेरलीत तर चार दिवसांत हिरवळ येते. विहीर म्हणून करवंटी पुरलीत तर तिच्या तळाला भोक पाडा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

पाठीवर बाग घेतलेलं कासव

निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काठ्यांचे पूर्ण आकाराचे हत्ती केले, आणि २०२१ साली ते लंडनच्या बागांत उभे होते. आपण हत्तीच्या वाटेला जायला नको. पहिल्या शिल्पासाठी कासव बरं, कारण त्याला पाय आखूड असतात आणि तोल जायची भीती नाही.

घाणेरीच्या बोटाएवढ्या जाड, सरळ फांद्या मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळा. साल सुटते आणि काठी मऊ होते. गरम असतानाच, हातमोजे घालून, ४५ सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद असं लांबट कडं वळवून तारेने नाही तर सुतळीने बांधा. त्यावर कमानी: तीन लांबीने, पाच रुंदीने, मधे १८ सेंटिमीटर उंच. जिथे कमानी एकमेकींना छेदतात तिथे प्रत्येक ठिकाणी गाठ. उलटी टोपली झाली. डोक्याला सोडणासकट सुका नारळ वापरा, शेंडीची बाजू आत. पायांना चार जाड ओंडके, शेपटीला गुलमोहराच्या शेंगेचं टोक.

टोपलीला आतून काथ्याचा जाड थर ठासा, उलटी करून माती आणि शेणखत समसमान भरा, खालून कामट्यांची जाळी बांधून सुलटी करा. कमानींच्या मधल्या घरांत काथ्यात बोटाने भोक पाडून ऑफिस टाइमच्या, म्हणजे चिनी गुलाबाच्या, बोटभर फांद्या खोचा. त्या लगेच मूळ धरतात आणि कमी पाण्यावर जगतात. दोन महिन्यांत कवच दिसेनासं होतं आणि रोज दहाच्या सुमाराला कासव फुलतं. डोळ्यांना सागरगोटे लावायचे का, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझ्या मते बिनडोळ्यांचं जास्त कासव वाटतं.

आगोट

मेअखेर पाहणी करा. जोत्याच्या फटींतून निघालेल्या चिपा परत ठोका, कुजलेल्या जुड्या बदला, आढ्यावरची विरी नवी घाला, भिंतीवर सारवणाचा एक हात द्या. पाऊस तिरका येतो त्या बाजूला, बहुधा नैऋत्येला, झावळीच्या पातीचं छोटं झाप विणून टेकवून ठेवा. कोकणात घरांना बांधतात तसंच. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, म्हणून कोकणातल्यांनी घराला जमलं तर चारी बाजूंनी झाप लावावं. सोलापूर-मराठवाड्याकडे एका बाजूने भागेल.

गणपतीनंतर झाप काढाल तेव्हा आत हात घालण्याआधी काडीने ढोसून बघा. सापसुरळी आणि बेडूक असले तर असू द्या, पण विंचू आणि गोमही अशीच कोरडी जागा शोधतात. आणि खिडकीच्या कोपऱ्यात सुपारीएवढं, गळा असलेलं मातीचं गाडगं दिसलं तर ते कुंभारीण माशीचं घरटं. तिची अळी आत आहे, बाहेर पडायला काही आठवडे लागतील. त्या भिंतीचं सारवण तोवर पुढे ढकला.